सहा, सात, पाच

विशाखानं एंटर दाबलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकल्या, मधेच थबकल्या, पुन्हा सरकल्या. मग लाल अक्षरांचा लोट आला आणि सगळं थांबलं. तिनं लॅपटॉपच्या कडेवर कपाळ टेकवलं.

उंबऱ्याजवळ पोतं टाकून बसलेल्या रविकांतनं हातातलं भांड्यांवर नाव घालायचं मशीन बंद केलं. सकाळपासून चाललेली टर्र टर्र थांबली आणि घर एकदम मोकळं वाटायला लागलं.

"झालं का गं बाई?"

"न्हाई."

"परत तेच?"

"परत तेच, पप्पा. कितव्यांदा विचारून राहिलाव?"

रविकांतनं मांडीवरचा कीस झटकला. चूक त्याचीच होती. तो सकाळपासून पाचव्यांदा विचारत होता, आणि खरं सांगायचं तर उत्तर मिळालं असतं तरी त्यातलं त्याला ओ की ठो कळलं नसतं. त्याला कळत होतं ते एवढंच: दुपारी चार वाजता हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेची माणसं लॅपटॉपवर दिसणार होती. ती सांगतील तसा लेकीनं स्वतःच्या मशीनवर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. पाऊस किती पडला की गोदावरीचं पाणी कुठवर चढेल, कोणत्या गावाच्या वेशीला लागेल, ते नकाशावर दाखवणारा प्रोग्राम. चालला तर तिकडं संशोधनाची नोकरी. न चालला तर पुढचा उमेदवार होताच.

प्रोग्राम तिनं विष्णुपुरीच्या कॉलेजात, तिथल्या लॅबच्या कॉम्प्युटरवर बसून वर्षभर रचला होता. पण आज दुसरा शनिवार, लॅबला कुलूप. आणि घरच्या नव्या लॅपटॉपवर त्याला लागणारं एक पॅकेज काही केल्या बसत नव्हतं. पॅकेज म्हणजे काय, हे रविकांतनं काल विचारून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी शहाण्यानं तयार करून ठेवलेलं अवजार, जे आपल्या मशीनमध्ये आणून बसवायचं आणि वापरायचं. एवढं त्याला पटलं. स्वतःच्या मशीनला सुई बसली नाही तर काय जीव जातो, ते त्याला माहीत होतं.

तो वजिराबादेत एका भांड्याच्या दुकानापुढं बसून सव्वीस वर्षं भांड्यांवर नावं घालत होता. आज देवणी गावच्या एका लग्नाची भांडी घरी आणली होती. तांबे, परात, कळश्या, डबे. प्रत्येकावर तेच: 'रामलिंग बिरादार यांजकडून सप्रेम भेट'. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. बायको, उज्वला, बहिणीकडं मुदखेडला गेलेली. तेव्हा घरात दोघंच, आणि दोघांची दोन मशीनं. एक चालत होतं, एक चालत नव्हतं.

विशाखानं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला. लातूरचा वीरभद्र, वर्गातला.

"बोल. बसलं का?"

"न्हाई बसलं. सगळं उडवून परत टाकलं."

"पायथन तेच टाकलंस ना? मी सांगितलेलं?"

"तेच."

"आणि ते कंपायलरचं?"

"ते बी टाकलं. चार जीबी गेलं त्यातच. वीरभद्र, दोन दिवस झाले रे. नेटवर जेवढं लिहिलंय तेवढं सगळं करून बसले."

तिकडून बटणांची टकटक ऐकू आली. मग वीरभद्र म्हणाला, "कमाल आहे. माझ्याकडं तर एका झटक्यात बसलं होतं."

अशा वेळी हे वाक्य ज्याला सुचतं त्याच्या तोंडात मारावी असं वाटतं; पण पोरगा भला होता, दोन दिवस तोही जेवणखाण सोडून हिच्या फोनला चिकटला होता. विशाखा नुसतं "हाव" म्हणाली आणि फोन ठेवला.

"पप्पा."

"काय गं?"

"माझ्यातच काही कमी असंल."

"येडी का काय तू?"

"सगळ्यांचं बसतंय. माझंच बसंना. परवा वर्गात एक जण तोंडावर म्हणला, तुला काय टेन्शन, तुमचं होऊनच जातं. होऊन जातं! बघा म्हणावं येऊन, कसं होऊन राहिलंय."

ती हसल्यासारखं करून पुन्हा पडद्याकडं वळली. हे वाक्य रविकांतला नवं नव्हतं. त्याच्या वेळेला लोक ते जरा वेगळ्या शब्दांत म्हणायचे, एवढंच. त्यानं पुढ्यातला तांब्या उचलला, उगाच फडक्यानं पुसला आणि परत ठेवला.

लॅपटॉप त्यानंच आणला होता, तीन आठवड्यांपूर्वी. दुकानातल्या माणसानं तिथंच चालू करून दिला. पडद्यावर नाव विचारलं गेलं, तसं त्या माणसानं सवयीनं इंग्रजीत टाकायला बोटं उचलली. रविकांतनं त्याचा हात धरला होता.

"थांबा. मराठीत होतंय का?"

"होतंय की. पण कुणी टाकत न्हाई, काका."

"मग आपण टाकू. सरका."

आणि सव्वीस वर्षं नावं घालणाऱ्या माणसानं एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, दहा मिनिटं लावून पुरं नाव टाकलं होतं. विशाखा रविकांत भदरगे. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्यानं घाई केली नाही. पुरं नाव हा त्याचा हट्टच होता. त्याचा बाप, नरसिंग, जन्मभर रस्त्याच्या कामावर खडी फोडत राहिला, आणि हजेरीच्या मस्टरवर त्याचं नाव शेवटपर्यंत 'नरश्या' एवढंच राहिलं. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. हजेरीला साहेब तेवढंच ओरडायचा आणि बाप हात वर करायचा. ते पाहिलेलं पोरगं पुढं नावं घालायचाच धंदा धरून बसलं, यात नवल ते काय!

लॅपटॉप उघडला की ते पुरं नाव पडद्याच्या मधोमध यायचं. पहिल्या दिवशी विशाखानं ते बघितलं, हसली, आणि मग जरा वेळानं, दुसरीकडं बघत म्हणाली, "नुसतं विशाखा टाकलं असतं तरी चाललं असतं, पप्पा." त्याला कळलं होतं. अडचण पहिल्या शब्दाची नव्हती, दुसऱ्याचीही नव्हती. तिसरा शब्द ऐकला की इकडं लोकांना गावातली वस्ती कुठल्या अंगाला असेल ते कळतं. पुढं एकदा मैत्रिणी घरी आल्या तेव्हा, नाव सरून आतलं चित्र येईपर्यंत तिनं पडदा आपल्याकडं वळवून धरलेला त्यानं पाहिला. त्याला लागलं होतं ते.

साडेबाराला त्यानं भाकरी आणि पिठलं ताटात वाढून तिच्या शेजारी ठेवलं. तिनं पाहिलंही नाही. तो तिथंच मागं टेकला. समोर तीच लाल अक्षरं. इंग्रजी त्याला वाचता यायचं नाही, पण अक्षरं ओळखता यायची. कुणी इंग्रजीत नाव घाला म्हणालं तर घालत असे. अर्थ कळत नसला तरी त्याची नजर एकेका अक्षरावर थांबत, सवयीनं, ओळीच्या शेवटापर्यंत गेली. मग दुसऱ्या ओळीवर.

"हे काय गं?"

"काय?"

"हे प्रश्नचिन्हं. मशीन काय विचारून राहिलंय का?"

विशाखानं सुस्कारा सोडला. "ते तसंच दिसतंय, पप्पा. त्याला काही अक्षरं छापता येत न्हाईत, मग तिथं प्रश्नचिन्ह टाकतंय. खरी चूक खाली असती, शेवटच्या ओळीत."

"बरं बरं."

"तुम्ही तुमची भांडी करा ना. टेम्पो यायचा सकाळी."

तो उठला. पोत्यावर येऊन बसला, परात मांडीवर घेतली, मशीन चालू केलं. 'रामलिंग' झालं. 'बिरादार' मधला 'ब' झाला आणि त्याचा हात थांबला.

नाव घालणारा माणूस आधी मोजतो. तांब्याच्या गळ्यावर जागा किती, नाव केवढं, हे आधी कळलं नाही तर शेवटची अक्षरं दाटीवाटीनं कोंबावी लागतात. आणि रविकांतची मोजायची रीत त्याची स्वतःची होती. काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी, टिंब वेगळं, कारण त्या प्रत्येकाला सुई उचलून पुन्हा टेकवावी लागते. व, वेलांटी, श, काना, ख, काना. विशाखा म्हणजे सहा.

प्रश्नचिन्हांचा पहिला पुंजका केवढा होता?

असेल काहीतरी, म्हणून त्यानं ते झटकलं. पण मोजणाऱ्या माणसाला न मोजलेलं राहवत नाही. भाकरी गार झाली का बघायच्या निमित्तानं तो उठला, तिच्या मागं वाकला आणि पडद्यावर नजर लावली. एका इंग्रजी शब्दानंतर तिरकी रेघ, मग प्रश्नचिन्हं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मोकळी जागा. मग सात. मोकळी जागा. मग पाच. पुन्हा तिरकी रेघ.

र, व, वेलांटी, क, काना, टिंब, त. सात.

भ, द, र, ग, मात्रा. पाच.

ताट तिथंच ठेवून तो बाहेर पायरीवर आला. समोर गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं, पाणी याच्या पायाशी आलं तरी त्याला समजलं नाही. त्या मशीनला तिचं नाव वाचता येत नव्हतं. नाव पुढ्यात होतं, पुरं, ठसठशीत, त्यानं स्वतःच्या बोटानं घातलेलं. आणि ते मशीन तिथवर येऊन अडत होतं, अवजार हातात घेऊन, घर सापडेना म्हणून.

असंच असेल कशावरून? त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? उगाच काहीतरी बोलून पोरीचा वेळ खायचा. आणि खरंच असलं तर? तर दोन दिवस ती रडकुंडीला आली ती त्याच्यापायी. तिनं तेव्हाच म्हटलं होतं, नुसतं विशाखा टाकलं असतं तर. बोलावं, तर ती म्हणेल, बघा, मी सांगत होते. न बोलावं, तर कुणाला कधी कळणारही नाही की चूक बापाची होती. हा विचार मनात आला याचीच त्याला लाज वाटली. घड्याळात एक वाजून गेला होता.

तो आत आला.

"विशाखा, जरा ऐक."

"पप्पा, आत्ता नको."

"ऐक म्हणतो ना! तुझं नाव हाय तिथं."

"कुठं?"

"त्या प्रश्नचिन्हांत. मोज. सहा, मग सात, मग पाच. माझ्या रीतीनं मोज, काना मात्रा धरून. तुझं, माझं आणि आडनाव." त्यानं पहिल्या पुंजक्यावर बोट ठेवलं. "मी मराठीत टाकलंय ना ते दुकानात. त्या मशीनला वाचता येत नसंल. चूक माझी हाय, बाई."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग पडद्याकडं वळली आणि बोट लावून मोजायला लागली. त्याला तिचे ओठ हलताना दिसत होते. मोजून झालं तरी तिचं बोट तिथंच राहिलं.

"मी म्हणलं होतं" असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. फोन उचलून तिनं वीरभद्रला लावला.

"वीरभद्र, माझ्या युजरचं नाव मराठीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे युजरच्या नावानं बनतं त्या फोल्डरचं नावच मराठीत झालंय. मधे दोन स्पेस."

"अगं माय!" तिकडून तो एवढ्यानं ओरडला की फोन खरखरला. "तेच हाय ते! त्या पॅकेजला इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं चालत न्हाईत. नवा युजर कर. इंग्रजीत, एकच अक्षर ठेव, स्पेस नको. आणि जुना उडवून टाक सरळ. कुणी टाकलं गं मराठीत?"

रविकांतनं मान खाली घातली.

"टाकलं होतं," विशाखा म्हणाली आणि फोन ठेवला.

"पुसून टाक ते," रविकांत म्हणाला. "मी रोज कुणाचं ना कुणाचं नाव घासून देतो. काही होत न्हाई त्यानं."

"पुसायला वेळ न्हाई आता," ती म्हणाली, आणि तिची बोटं चालायला लागली.

पावणेतीनला नव्या युजरवर, ज्याचं नाव फक्त v होतं, पांढऱ्या ओळी पुन्हा सरकायला लागल्या. दोघंही श्वास धरून बसले. ओळी थबकल्या, सरकल्या, थबकल्या. मग एक शेवटची ओळ आली, आणि तिच्यात लाल काही नव्हतं. विशाखानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एकदम शेजारची गार भाकरी तोडून, पिठलं न लावताच खायला लागली.

चार वाजता विशाखानं लॅपटॉप आतल्या खोलीत नेला आणि दाराचा पडदा ओढून घेतला. रविकांतनं मशीनची पिन बोर्डातून काढून ठेवली, चुकून धक्का लागून चालू व्हायला नको. परातीवर 'रामलिंग ब' एवढंच झालेलं होतं. तो पायरीवर बसला.

आतून इंग्रजी ऐकू येत होतं. लेकीचा आवाज आधी जरा कापरा, मग सरळ. कुणीतरी काही विचारलं, तिनं उत्तर दिलं. मग बराच वेळ नुसती बटणांची टकटक. कुणीतरी "गुड" म्हणालं, तेवढं त्याला कळलं. पाऊण तास गेला असेल. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, जरा लांबट प्रश्न. विशाखा थांबली.

आणि मग त्यानं स्वतःचं नाव ऐकलं.

विशाखा. रविकांत. भदरगे. तिन्ही शब्द, वेगवेगळे, सावकाश, शाळेत हजेरी द्यावी तसे.

आत कुणीतरी हसलं. त्या म्हाताऱ्याचाच आवाज, मग आणखी दोघं. रविकांतची कानशिलं तापली. सांगितलं तर हिनं. बापाचा शहाणपणा सांगितला सगळ्यांना. सांगू दे. खरंच होतं ते. त्यानं पायरीवरचा खडा उचलून गल्लीत टाकला.

"माय फादर," आतून ऐकू आलं. मग तिचं भराभर काही बोलणं, त्यातलं त्याला काहीच उमगेना. आणि मग, अगदी स्पष्ट, बोटं मोजल्यासारखं:

"सिक्स. सेव्हन. फाइव्ह."

हे इंग्रजी त्याला येत होतं.

मग एका बाईचा शांत आवाज बोलायला लागला. त्यात 'जॉइन' हा शब्द होता. रविकांत उठून उभा राहिला आणि उभं राहून काय करायचं ते न सुचून परत बसला.

पडदा सरकवून विशाखा बाहेर आली. डोळे लाल, चेहरा घामानं ओला. ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"काय म्हणले?"

"एक तारखेला जॉइन व्हा म्हणले. पत्र पाठवतेत."

त्यानं दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि विचारलं, "हसले कशाला गं ते?"

"ते म्हातारे सर. मोठी अडचण कोणती आली विचारलं, मी नावाचं सांगितलं. त्यांच्या लेकानं त्यांच्या लॅपटॉपवर तेलुगुत नाव टाकून दिलं होतं म्हणे. आठ दिवस त्यांना बी सापडलं न्हाई काय बिघडलंय ते." ती जराशी हसली. "तुमच्यासारखं मोजणारं घरात कुणी नव्हतं म्हणले."

रविकांतनं मान हलवली. गल्लीतली स्कूटर केव्हाच वाळून गेली होती.

"मग ते पत्र," तो म्हणाला, "नुसत्या विशाखाच्या नावानं येतंय का?"

"न्हाई. त्यांनी विचारलं नाव कसं लिहायचं."

"मग?"

"तिन्ही सांगितले." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "आणि लॅपटॉपमधलं जुनं पुसलं न्हाई मी. असू द्या बाजूला."

विशाखानं आत वळून बोर्डाकडं हात केला.

"पिन लावू का? तुमची भांडी राहिली तशीच. सकाळी टेम्पो येईल."

"थांब जरा," रविकांत म्हणाला. "आत्ता हाताला तुझंच नाव येऊन राहिलंय. बिरादारांच्या परातीवर भदरगे व्हायचं उगाच."